कोंबड्याच्या नावात नवरा

आमच्या सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव जन्मात घेतलं नाही. हळदीला, बारशाला बायकांनी धरून बसवलं तर उखाण्यात घ्यायच्या, ते पण पदर तोंडावर घेऊन, कुणाला धड ऐकू येऊ नये असं. एरवी सासरे म्हणजे ‘प्रितमचा बापूस’, नाहीतर ‘घरातले’, आणि फारच डोकं फिरलं तर ‘त्यो’. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की मला कोपराने ढोसायच्या, तू सांग म्हणून. सासऱ्यांचं नाव नाथा. त्यामुळे कोपऱ्यावरच्या एकनाथ वाण्याला पण त्या ‘एकू’च म्हणायच्या, आणि तो बिचारा ‘ओ’ द्यायचा. मी सून म्हणून आले आणि पहिल्याच सकाळी नवऱ्याला नावानेच ओरडले, “प्रितम, टॉवेल दे रे!” तर सासूबाईंच्या हातातला टोप खाली पडला. माझं नाव दर्शना. माझी जीभ जरा मोकळीच आहे, माहेरचे पण तेच म्हणतात.

आमचं घर शीळफाट्यापासून आत, जुन्या गावात. पुढे टॉवर, मागे टॉवर, मधे आमची दुमजली इमारत आणि तिच्या मागे उरलेला वाडगा, म्हणजे परसातली मोकळी जागा. एके काळी सासरे मिठागरावर होते, पावसाळ्यात भातशेती. आता शेतात लिफ्ट चालते. जमीन गेली, पैसा आला, पण ह्या माणसाला बसून खाता येईना. पायाच्या भेगा मिठाने चिरलेल्या, त्या अजून भरल्या नाहीत. तसल्या पायांनी दिवसभर वाडग्यात काहीतरी करत असायचे. कुंपण बांध, खुराडं शाकार, माती उकर. आणि कोंबड्या तर होत्याच.

दिवाळीनंतर फाट्यावर एक पिल्लंवाला टेम्पो घेऊन आला. सासरे मला घेऊन गेले, पिशवी धरायला. टेम्पोवाला जातींची नावं सांगायला लागला, हा वनराज, हा गिरीराज, हा कडकनाथ. सासरे तिथेच थांबले.

“काय बोल्लास? परत बोल.”

“कडकनाथ, काका. काळा. पीस काळं, चोच काळी, आतलं मटण पण काळं.”

सासऱ्यांनी सगळी काळीच पिल्लं घेतली. वाटेत मी विचारलं, बाबा, काळीच कशाला? तर ते गालात हसायला लागले. “दर्शना, तुझ्या सासूनी जलमभर माझा नाव नाय घेतला. आता बघ. रोज घेल. त्यांना दाना टाकताना घेल, त्यांना हाकलताना घेल.” एवढ्या वयाचा माणूस, दात दोन पडलेले, आणि खोडी काय तर ही. मला हसू आवरेना.

घरी आल्यावर त्यांनी खोका ओट्यावर ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, “तुलसा, बघ कोन आलाय. कडकनाथ.”

सासूबाई वाकून बघत राहिल्या. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “कोन मेल्यानी ठेवला यो नाव? देवाचा नाव कोंबऱ्याला? कापायच्या जिनसाला?”

“मी नाय ठेवला. जातच हाय ती.”

“जात असंल तुझ्या टेंपोवाल्याची. माझ्या घरान हे काले.” आणि खोका उचलून आत घेऊन गेल्या.

तर ते काळे झाले. सगळा गाव कडकनाथ म्हणायचा, प्रितम म्हणायचा, मी तर मुद्दाम म्हणायची. सासूबाई मात्र ‘कालेऽ, ये रं कालेऽ’. सासरे बाजूला बसून विडी नसलेल्या हाताने विडी झटकल्यासारखं करायचे आणि वाट बघायचे. सासूबाई काही बधल्या नाहीत.

काळे बाकी वाढले झकास. सासूबाई पहाटेच उठून खुराड्यात अंथरलेला भाताचा तूस बदलायच्या, ओला झाला की लगेच. सासरे भाताचा कोंडा भिजवून द्यायचे. पिसं उन्हात हिरवट चमकायची. शिमगा जवळ आला तसं ठरलं, शिमग्यासाठी थोडे विकायचे. ह्या कामाची हौस सासूबाईंना. डालग्याखाली कोंबडे घालून रविवारी फाट्यावर बसायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, भावाची घासाघीस करायची. आगरातल्या बाईला बाजार म्हणजे माहेर.

रविवारी मी पण सोबत गेलेली. रस्त्याचं काम चाललेलं, धूळ नुसती तोंडात. एक गाडी थांबली. काच खाली झाली.

“मावशी, कुठली जात आहे?”

“काली.”

“ते दिसतंय हो. जात कुठली?”

“कालीच जात. आतून पन काली.”

त्या माणसाने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, “अहो, हल्ली रंगवून देतात गावठी. चला.” काच वर गेली. मी तोंड उघडलं, तर सासूबाईंनी मांडीवर हात ठेवून मला गप्प केलं. दुसरा आला, तोही तसाच गेला. आमच्या शेजारी सगुणा बसलेली, पलीकडच्या गावची. तिच्याकडे साध्या काळ्या कोंबड्या, पाय बघितले तर पिवळेधमक. पण ती बया जी ओरडत होती, “कडकनाथ घ्या, अस्सल कडकनाथ!” तिचं डालगं दुपारच्या आत रिकामं. उठताना म्हणाली, “तुलसाआत्या, तुमचे काय मुके हाईत का?” सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. धूळ होती म्हणा, पण पुसलं जरा जास्तच वेळ.

परतताना मी रिक्षात भांडले. “आई, अहो एक शब्द तो. कोंबड्याचं नाव आहे, बाबांचं नाही.”

“कोनी ठेवला ते सांग. कोन्या माणसाचा असंल तवाच ठेवला ना?”

आता आली का पंचाईत! मी मोबाईल काढला. वाचलं, तर कोणी काय सांगतोय, कोणी काय. कडकनाथ का, कुणाला धड माहीत नाही. एवढं मात्र बऱ्याच ठिकाणी होतं की हा कोंबडा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, आणि तिकडचे लोक त्याला काली मासी म्हणतात, काळ्या मांसाचा म्हणून. मी वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, “मोबाईलवर काय पन येतंय. परवा तुझ्या मोबाईलनी पाऊस येल बोललेला.”

आणि मग कोंबड्यांची मानमोडी आली.

आधी पलीकडच्या आळीत कोंबड्या झिंगायला लागल्या. मग आमच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या. सकाळी बघावं तर मान वाकडी करून एका जागी गोल फिरतायत, चोचीतून पाणी गळतंय, हिरवी विष्ठा. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस म्हणाला, ज्या धडधाकट आहेत त्या वेगळ्या करा, चुना मारा, मी लस घेऊन येतो. सासरे लगेच चुन्याची बादली घेऊन कामाला लागले. मी म्हटलं, बाबा, ऊन उतरू दे. ऐकतात कसले.

मी आत भाकऱ्या थापत होते. तांदळाचं पीठ हाताला लागलेलं. तेवढ्यात मागून सासूबाईंची किंकाळी आली.

“अगो दर्शनाऽ! धाव गोऽ! कडकनाथ गेला!”

खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर बाई बोलली! हसूच आलं मला धावताना. वाडग्यात सासूबाई उभ्या, पायाशी सगळ्यात मोठा कोंबडा, मान पाठीवर उलटलेली. आणि खुराड्याच्या मागे, टॉवरच्या पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळात, मला सासऱ्यांचे पाय दिसले. बादली कलंडलेली, चुना पायावर. अंगाला घाम असा की सदरा पिळून घ्यावा. डोळे उघडे होते, बोलता येत नव्हतं.

सासूबाईंनी एकदा कोंबड्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. आणि स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

प्रितम शाळेची व्हॅन चालवतो, ती दारात होती म्हणून वाचलो. मागच्या सीटवर त्यांना आडवं घातलं आणि कळव्याला नेलं. फाट्यावर ट्रकच ट्रक. प्रितमने अर्धं शरीर खिडकीबाहेर काढून लोकांच्या हातापाया पडत गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण बाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. हृदयाची नळी उघडली, स्टेंट घातला. संध्याकाळी काचेतून हात हलवला त्यांनी. मी तिथेच खुर्चीत बसून रडले, उगाच, सगळं चांगलं झाल्यावर.

सासूबाई आल्या नाहीत.

पहिल्या दिवशी म्हटलं घाबरल्या असतील. दुसऱ्या दिवशी म्हटलं कोंबड्यांचं बघणारं कोणी नाही. मग मात्र मला कळेना. रोज डबा भरून द्यायच्या, पेज, मऊ भात, आणि दारापर्यंत येऊन परत फिरायच्या. तिकडे सासरे जनरल वॉर्डात आले तर भिंतीकडे तोंड करून. पेजेला हात लावीनात. मी भरवायला गेले तर ओठ मिटून. “तुलसा कनाला येत नाय?” का येत नाही, एवढंच विचारायचे. डॉक्टरीण बाई मला रागावल्या, खाल्लं नाही तर गोळ्या कशा देऊ, अशाने मी त्यांना घरी पाठवणार नाही.

घरी येऊन मी सरळ वाडग्यात गेले. सासूबाई खड्डा खणत होत्या. मेलेल्या कोंबड्या खाली टाकायच्या, वर मीठ पसरायचं, मग माती. कुदळ मारताना श्वास लागलेला, केस सुटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत मातीने भरलेलं. मी म्हटलं, “आई, बास झालं. तो माणूस तिकडे उपाशी मरतोय आणि तुम्ही इथे कोंबड्या पुरताय.”

कुदळ तिथेच थांबली.

“मरतोय बोलू नको.”

“मग या माझ्याबरोबर.”

“मी नाय येनार. मी समोर गेली आनि त्याला काय जाला तर? मीच मारला त्याला, दर्शना. जलमभर जीभ सांभालली. एकदा नाव घेतला, आनि घेतला तो काय बोलून? गेला बोलून. माझ्या तोंडातून निघाला आनि त्यो पडला. तू बघितलास.”

मी असले शकुन-अपशकुन मानत नाही, पण त्या बाईचा चेहरा बघून मला भीती वाटली. रात्रंदिवस एकटी हे डोक्यात घेऊन ती मीठ पसरत होती. मी तिच्या हातातली कुदळ घेतली आणि उरलेली माती मी लोटली.

दुसऱ्या दिवशी लस आली. दवाखान्यातला माणूस बाटली बर्फात देऊन गेला आणि एका कोंबडीवर करून दाखवलं. एकीने कोंबडी काखेत दाबून धरायची, पंख मिटून, डोकं आडवं करायचं, दुसरीने डोळ्यात एक थेंब. कोंबडीने पापणी मिटेपर्यंत सोडायची नाही. सासूबाई धरायच्या, मी थेंब टाकायची. ऊन डोक्यावर, हाताला नख्यांचे ओरखडे. आमचं दोघींचं बोलणं म्हणजे ‘धरा’ आणि ‘हूं’.

कुंपणापाशी एक बाई उभी राहिलेली. टॉवरच्या कामावरची, डोक्याला चुंबळ, हातात सिमेंटची पाटी उलटी धरलेली. ती कोंबड्यांकडे बघत होती आणि तिचं तोंड फुटेल एवढं हसू.

“बाई, ये काली मासी बेचते हो क्या?”

सासूबाईंनी मान वर केली. “क्या बोली?”

“काली मासी. हमारे गाँव की मुर्गी है. झाबुआ तरफ.” ती कुंपणाची काठी सरकवून सरळ आत आली आणि उकिडवी बसली. नाव म्हणाली थावरी. एका काळ्याला तिने असा उचलला, जसं कुणी घरचं मूल उचलतं, आणि त्याची चोच बोटाने उघडून आतली काळी जीभ बघितली. “इधर ये देखा तो मेरेको रोना आ गया.”

“तुम्हारे गाँव में इसको…” सासूबाई अडखळल्या, माझ्याकडे बघितलं, “…वो दुसरा नाम नहीं बोलते?”

“कडकनाथ? बोलते हैं, अब सब बोलते हैं. मेरा बाप तो काली मासी ही बोलता था. मांस काला, इसलिए. वो नाम किसने रखा, मेरेको क्या मालूम.” मग तिने सासूबाईंकडे नीट बघितलं. “तुम क्यों नहीं बोलती?”

सासूबाई लाजल्या. ह्या वयात, हातात कोंबडी धरून, लाजल्या. मीच सांगून टाकलं सगळं, नावाचं, किंकाळीचं, हॉस्पिटलचं. थावरी हसली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “हम भी नहीं लेते मरद का नाम.” आणि थोडं थांबून विचारलं, “उसकी माँ उसको क्या बुलाती थी?”

सासूबाईंनी काखेतल्या कोंबडीची पिसं सारखी केली. मग म्हणाल्या, “नाथ्या.” म्हणजे नाव नाही घेतलं, सासूने घेतलेलं सांगितलं. “आख्ख्या मिठागरान ऐकू जायचा. मेल्या नाथ्या, मर नाथ्या, सकालपासून.”

“माँ ने रोज मर बोला, तो भी मरा नहीं,” थावरी म्हणाली. “तुम्हारे एक बार बोलने से मरेगा?”

मी थेंबाची बाटली हातात धरून उभी. सासूबाईंनी काखेतली कोंबडी हळूच खाली सोडली. पापणी मिटली होती की नाही देव जाणे. मग एक धडधाकट तलंग पकडून तिच्या पायांना सुतळी बांधली आणि थावरीच्या पाटीत ठेवली. थावरी कमरेची पिशवी उघडायला लागली तर तिचा हात दाबला. “माहेरची हाय तुझ्या. घेऊन जा. आठ दिवस बाकीच्या कोंबऱ्यान नको सोरू.” एवढं तिला हिंदीत सांगता येईना, ते मी सांगितलं.

आणि मला म्हणाल्या, “प्रितमला फोन लाव. मी अंगावर पानी घेतंय.”

वॉर्डात सासरे नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून, पुढे जाईनात. मी म्हटलं, बाबा, बघा कोण आलंय. ते वळले. केवढा बारीक झालेला तो माणूस चार दिवसांत! दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. बायकोला बघून त्यांचे डोळेच भरले.

“राग गेला का नाय?” ते म्हणाले.

“कसला राग?”

“मेलेल्या कोंबऱ्या तुझ्या गल्यान टाकून हितं निजलोय. आनि तुना चिडवाला म्हनून ती जात आनली. म्हनून नाय आलीस, माझ्या ध्यानात आला.”

“तुझ्या ध्यानात माती आली!” सासूबाई एकदम रडायला लागल्या. आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. “मी तुझा नाव घेतला. गेला बोलली. मी बोलली आनि तू पडलास. म्हनून नाय आली. तुना माझ्यापासून लांब ठेवला.”

सासरे तिच्याकडे बघतच राहिले. मग उठून बसायचा प्रयत्न करायला लागले, मी पाठीला उशी दिली.

“अगो येडे, तू बोलली तवा मी पडलो?”

“नाय तर काय.”

“मी तर त्याच्या आधीच पडलेलो. बराच येल जाला व्हता. छातीन कल आली, बादली सुटली, खाली बसलो तो बसलोच. तुम्हाला हाक मारीत व्हतो तर आवाजच निघंना. तू दान्याची पाटी घेऊन वाडग्यान आलीस, मना दिसत व्हतीस खुराड्याच्या फटीतून. तू माझ्याकरं बघतच नाय! आता ही परत आत जाईल आनि मी हितंच मरनार, असा वाटला मना. तवा तू कोंबरा बघितलास आनि बोंबललीस. दर्शना धावली तुझ्या बोंबेनी. नाय तर कोन येनार व्हता त्या खुराड्यामागल्या बोलान?”

बरोबर होतं. मी पोचले तेव्हा चुना त्यांच्या पायावर वाळलेला होता, पांढरा, भेगा पडलेला. नंतर नाही, तिथेच वाळलेला. मी स्वतः व्हॅनमध्ये तो नखाने खरवडला होता. आणि मला, एवढ्या शहाणीला, चार दिवसांत एकदाही डोक्यात आलं नाही की चुना वाळायला वेळ लागतो. सासूबाईंना तसंच खड्ड्याजवळ कुढत ठेवलं. मी हे बोलून दाखवलं, तर सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, तोंड उघडं.

“वालला व्हता?”

“वाळलेला, आई. खडखडीत.”

सासूबाईंनी डोळे पुसले. मग नाक पुसलं. मग असा लांब श्वास सोडला की शेजारच्या पलंगावरचे आजोबा पण हसले. पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, पेजेवर मिठाचा खडा चिमटीत चुरून टाकला. ह्या पेशंटला मीठ कमी द्यायचं आहे हे मी सांगणार होते, पण एवढ्याशाने काही होत नाही म्हणून गप्प बसले. त्यांनी चमचा भरला, फुंकर मारली.

सासरे रुसल्यासारखं तोंड मिटून बसले. आता लाड करून घ्यायची लहर आलेली, दुसरं काय.

“चार दिस जेवला नाय, दर्शना सांगत व्हती,” सासूबाई म्हणाल्या. “आता नाटकं पुरे. नाथा, तोंड उघर.”

वॉर्डात कुणाला काही कळलं नाही. नर्स पलीकडे कुणाची तरी सलाईन बदलत होती. सासऱ्यांचं तोंड आपोआप उघडलं, आणि पेज गेली तरी तसंच उघडं राहिलं.

“गिल की,” सासूबाई म्हणाल्या आणि दुसरा चमचा भरला.